संस्थेच्या नावाचा ट्रेडमार्क: घ्यावा का, कुणाच्या नावावर आणि कुठल्या वर्गात?

खाडीकाठ
आपल्याकडे गावोगावी वाचनालयं आहेत, रुग्णवाहिका चालवणारी मंडळं आहेत, किनारा झाडणारे गट आहेत, कासवांची अंडी राखणारे आहेत, दशावतार जपणारे आहेत. बहुतेकांचा समज असा की धर्मादाय कार्यालयात नाव नोंदलं, एफ किंवा ई नंबर मिळाला, की नाव आपल्या मालकीचं झालं. तसं होत नाही. संस्था अस्तित्वात आहे आणि हिशेब द्यायला बांधील आहे, एवढंच तो नंबर सांगतो. उद्या तेच नाव घेऊन दुसऱ्या राज्यात कुणी न्यास काढला किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढली, तर त्या नंबरावर त्याला अडवता येत नाही.

२०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा मदतीची आवाहनं मोबाईलवरून कशी फिरली, ते आठवा. पैसे देणारा माणूस नाव आणि चिन्ह बघून पैसे देतो, त्याच्याकडे दुसरी खूण नसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ज्या संस्थेच्या नावावर लोक देणगी देतात, तिने ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घ्यावं.

आता विचारायचं ते असं. नोंदणी वस्तू-सेवांच्या ठरलेल्या वर्गांत होते, तर बहुउद्देशीय संस्थेला नेमका वर्ग कुठला? आणि गावात एक मंडळ, मुंबईत त्याच नावाचं दुसरं मंडळ, अशी आपल्याकडची रीत, तर अर्ज कुणी करायचा? जाणकारांनी लिहावं.

रातांबा
धागा वेळेवर काढलात. उपप्रश्न: नाव नोंदवायचं की लोगो? दोन्हीचे पैसे वेगळे पडतात का?

गलबत
@रातांबा, दोन वेगळे अर्ज, दोन वेगळी शुल्कं. एकाचेच पैसे असतील तर नुसतं नाव, म्हणजे वर्डमार्क घ्या. वर्डमार्क कुठल्याही अक्षरवळणात, कुठल्याही रंगात चालतो. लोगो दर नव्या कार्यकारिणीबरोबर बदलतात आणि चित्र बरंच बदललं की जुनी नोंदणी कामाची राहत नाही.

अपवाद एक. नाव अगदीच वर्णनात्मक असेल, म्हणजे गावाचं नाव आणि पुढे 'सार्वजनिक वाचनालय' किंवा 'शिक्षण प्रसारक मंडळ', तर नुसत्या शब्दांवर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत येणार हे धरून चाला. अशा वेळी चिन्ह आणि नाव एकत्र असलेलं लेबल द्यावं. फक्त हे लक्षात असू द्या की मग संरक्षण त्या अख्ख्या चित्राला मिळतं, त्यातल्या 'वाचनालय' या शब्दाला नाही. लेबल काळ्या-पांढऱ्यात भरा. रंगांची मर्यादा घातली नाही तर कलम १० प्रमाणे ते सगळ्या रंगांसाठी धरलं जातं.

शुल्काचं सांगतो. टीएम-ए हा अर्ज ऑनलाइन भरला तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना दर वर्गाला ४,५०० रुपये, बाकी सगळ्यांना ९,०००. कागदावर भरला तर ५,००० आणि १०,०००. न्यास किंवा सोसायटी 'बाकी सगळ्यां'त येते. सवलत मिळावी म्हणून अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर अर्ज टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो अजिबात ऐकू नका. मग चिन्हाचे मालक अध्यक्ष होतात, संस्था नाही. ते पायउतार झाले किंवा वारले की संस्थेला आपलंच नाव हस्तांतर करून घ्यावं लागतं, आणि वारसांनी सही दिली नाही तर तेही होत नाही.

होडीवाला
मी खाडीकाठ यांच्याशी असहमत. तीन वर्गांचे २७,००० होतात, वर एजंटची फी. छोट्या संस्थेचं तेवढ्यात रुग्णवाहिकेचं डिझेल निघतं. कायदा नोंदणी न केलेल्यालाही उघड्यावर सोडत नाही. कलम २७(२) 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे आपल्या नावाच्या आडून दुसऱ्याने लोकांना फसवल्याचा दावा शाबूत ठेवतं आणि कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क राखतं. चाळीस-पन्नास वर्षं नाव वापरणाऱ्या मंडळाला कुणी नवा नोंदणीदार हुसकावू शकत नाही. मग घाई कशाला?

सुरंगी
@होडीवाला, कलमं बरोबर सांगितलीत, पण ती कोर्टात वापरायला काय लागतं तेही बघू. पासिंग ऑफमध्ये तीन गोष्टी शाबीत कराव्या लागतात: आपल्या नावाला लौकिक आहे, समोरच्याने लोकांची दिशाभूल केली, त्यातून आपलं नुकसान झालं किंवा होईल. दर वेळी नव्याने. नोंदणी असली की कलम ३१ प्रमाणे ते प्रमाणपत्रच वैधतेचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतं.

दुसरा फरक कोकणातल्या संस्थेला फार मोलाचा आहे. नोंदणीकृत चिन्हाचं उल्लंघन झालं तर कलम १३४(२) प्रमाणे फिर्यादी आपलं काम जिथे चालतं तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. मुख्य कार्यालय कुडाळला असेल तर ओरोसला. ही सोय पासिंग ऑफला नाही. तिथे प्रतिवादी जिथे राहतो किंवा प्रकार जिथे घडला, तिथे जावं लागतं. तो दुसऱ्या राज्यातला असेल तर तारखांना जाण्यायेण्यातच तुमचे २७,००० संपतील.

तिसरं, कलम ८ कंपनीचा मुद्दा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६ खाली, नोंदणीकृत चिन्हाशी जुळणारं नाव कुणी कंपनीला घेतलं तर चिन्हाचा मालक ते बदलून घेण्यासाठी केंद्र सरकारकडे अर्ज करू शकतो. कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. हा रस्ता नोंदणी केलेल्यालाच खुला आहे.

होडीवाला
१३४ चा मुद्दा पटला. पण मग तीन वर्गांऐवजी एकच घ्या, असं माझं म्हणणं राहील.

माडबन
वर्गांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच फुकट जातात. एकूण वर्ग ४५: पहिले ३४ वस्तूंचे, पुढचे ११ सेवांचे. संस्थेच्या घटनेतली उद्दिष्टं वाचून वर्ग निवडायचे नाहीत. घटनेत आरोग्य, शिक्षण, क्रीडा, पर्यावरण, महिला सबलीकरण, सगळंच लिहिलेलं असतं. गेल्या दोन-तीन वर्षांच्या अहवालात खर्च कशावर पडलाय ते बघा आणि त्यावरून वर्ग ठरवा.

देणग्या गोळा करणं ३६ मध्ये. शाळा, शिबिरं, वाचनालय, नाटक, दशावताराचे प्रयोग, संग्रहालय हे सगळं ४१. दवाखाना, रक्तपेढी ४४ मध्ये, आणि वृक्षलागवडही ४४ मध्येच बसते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रुग्णवाहिकेची गंमत म्हणजे रुग्ण वाहून नेणं हे वाहतुकीत धरतात, म्हणून ३९. वृद्धाश्रम ४३. किनारा स्वच्छता ३७, गोळा केलेल्या कचऱ्यावर प्रक्रिया ४०. जनजागृती मोहीम ३५. गरजूंसाठी वैयक्तिक आणि सामाजिक सेवा ४५. दिवाळी अंक, पुस्तिका, दिनदर्शिका छापून विकत असाल तर १६.

कासव महोत्सव भरवणाऱ्या गटाचं उदाहरण घ्या. पाहुण्यांना माहिती देणं, मुलांची शिबिरं हे ४१. वाटाड्या देऊन किनाऱ्यावर नेणं ३९. घरगुती मुक्काम आणि जेवण ४३, पण मुक्कामाचे पैसे घरमालक घेतो की संस्था, ते आधी बघा. घरमालक घेत असेल तर ती सेवा संस्थेची नाहीच, तिथे वर्ग घेऊन उपयोग नाही.

न वापरलेला वर्ग टिकतही नाही. कलम ४७ प्रमाणे नोंदणीनंतर पाच वर्षं आणि वर तीन महिने चिन्ह त्या कामासाठी वापरलंच नाही, तर त्या नोंदणीची झळ बसणारा कुणीही ते काढून टाकायचा अर्ज करू शकतो. होडीवाला म्हणतात तसं एकच वर्ग घ्यायचा तर माझी निवड अशी: देणगीवर चालणाऱ्या संस्थेला ३६, शिक्षण-संस्कृतीवाल्यांना ४१. आणि खाडीकाठ, बहुउद्देशीय संस्थेला हेच दोन.

रातांबा
एकाच अर्जात दोन वर्ग टाकता येतात ना?

माडबन
येतात, पैसे मात्र वर्गागणिकच लागतात, म्हणजे बचत काही नाही. तोटा असा की एका वर्गावर हरकत आली की दुसराही अडकून पडतो, मग अर्ज विभागायला टीएम-एम हा वेगळा फॉर्म भरा. दोन वर्ग म्हणजे दोन अर्ज, हे उत्तम.

आंबोळी
माका येक सांगा. मंडळाच्या नावात गावाचा नाव आसा, देवाचा पण आसा. ह्या दोन्ही नावांवर ट्रेडमार्क गावतलो काय? की नाव बदलूचा लागतला?

घाटमाथा
@आंबोळी, नाव बदलू नका, दुसऱ्या नावाने वर्गणी मागायला गेलात तर दारात कोण उभं करणार! :)

गलबत
@आंबोळी, गावाचं नाव एकट्याचं होत नाही, देवाचंही नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीसाठी 'रामायण' या शब्दावर एकाची मक्तेदारी नाकारली, त्यामागचा विचार हाच. पण देवाचं नाव, गावाचं नाव आणि तुमचं खास चिन्ह मिळून जे लेबल होतं, त्याला नोंदणी मिळू शकते. परीक्षक त्यातल्या सामाईक शब्दांवर हक्क सांगणार नाही असं लिहून घेऊ शकतो. ते लिहून द्यायला हरकत नाही. ग्रामदैवताचं नाव दुसऱ्या मंडळाने वापरू नये असा आपला हट्ट असूही नये.

नाव जुनं आणि वापर भक्कम असेल तर कलम ९(१) च्या परंतुकाचा आधार आहे: अर्जाच्या तारखेआधीच त्या नावाला वापराने ओळख मिळाली असेल तर वर्णनात्मक नावही नोंदवता येतं. मात्र ओळख कागदांनी दाखवावी लागते.

तांबडी माती
याला जोडून तीन सापळे, आपल्या भागात हमखास आडवे येणारे.

पहिला: गडसंवर्धन करणाऱ्या संस्था. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग अशा गडांवर काम करणारे बहुतेक गट नावात 'शिवाजी' आणि लोगोत महाराजांची प्रतिमा घेतात. १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत, शिवाय 'शिवाजी', 'गांधी', 'नेहरू' हे शब्दही. कलम ९(२) प्रमाणे असं चिन्ह नोंदवलंच जात नाही. लोगोत बुरूज, दरवाजा, तोफ, गलबत काहीही घ्या, महाराजांची प्रतिमा कार्यालयात भिंतीवर असू द्या.

दुसरा: रुग्णवाहिका आणि आरोग्य मंडळांच्या लोगोतला पांढऱ्यावरचा लाल क्रॉस. तो जिनिव्हा करारांविषयीच्या १९६० च्या भारतीय कायद्याने राखून ठेवलेला आहे. ट्रेडमार्क तर सोडाच, तो परवानगीशिवाय वापरताही येत नाही. अर्ज करण्याआधी गाडीवरूनही काढा.

तिसरा: स्मृती प्रतिष्ठानं. ज्यांच्या नावाने संस्था आहे ती व्यक्ती हयात असेल किंवा अर्जाच्या आधीच्या २० वर्षांत वारली असेल, तर कलम १४ प्रमाणे ट्रेडमार्क निबंधक त्या व्यक्तीची किंवा कायदेशीर वारसांची लेखी संमती मागू शकतात. वारस अमेरिकेत, पुण्यात, गिरगावात विखुरलेले असतात. संमतीपत्रं आधी गोळा करा, मग अर्ज टाका.

सुरंगी
तांबडी माती, लाल क्रॉसचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

खाडीकाठ
मुंबई मंडळाच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही अजून. तोच सगळ्यात अवघड आहे.

वकीलकाकू
घालते. आपल्याकडे चित्र साधारण असं असतं: गावात ग्रामस्थ मंडळ, मुंबईत त्याच नावापुढे 'मुंबई' लावलेलं दुसरं मंडळ. दोघांची नोंदणी वेगळी, पॅन वेगळा, बँक खातं वेगळं, ऑडिट वेगळं. नाव मात्र एक, चिन्ह एक, आणि पावतीपुस्तकंही एकाच छापखान्यातली. सगळं सुरळीत चालू असतं तोवर हा प्रश्न कुणाला पडत नाही. इमारत निधी गोळा होऊ लागला किंवा दोन कार्यकारिणींत बेबनाव झाला की पहिला वाद नावावरून होतो.

रस्ते दोन आहेत. एक, दोघांच्या नावे संयुक्त नोंदणी, कलम २४. ती तेव्हाच शोभते जेव्हा दोघांपैकी कुणीच चिन्ह स्वतंत्रपणे वापरणार नाही, दोघांसाठी म्हणून किंवा दोघांचाही संबंध असलेल्या कामासाठीच वापरेल. मुंबई मंडळ स्वतःचे स्नेहमेळावे, क्रिकेट सामने, विद्यार्थी गौरव स्वतंत्रपणे करत असतं. तिथे संयुक्त मालकी बसत नाही आणि पुढे दर नूतनीकरणाला दोघांच्या सह्या लागतात.

दुसरा रस्ता मला जास्त पसंत आहे. मालक एकच ठेवा आणि दुसऱ्याला लेखी परवाना द्या. कलम ४८(२) प्रमाणे परवान्याखालचा वापर मालकाचाच वापर धरला जातो, त्यामुळे मुंबईचे कार्यक्रम गावच्या नोंदणीला पुरावा म्हणून चालतात. परवानाधारकाची ट्रेडमार्क रजिस्ट्रीत नोंद करून घ्यायची असेल तर टीएम-यू हा फॉर्म, करारापासून सहा महिन्यांच्या आत. ती सक्तीची नाही, पण करार लेखीच हवा.

मालक कोण? काम ज्या जमिनीवर उभं आहे आणि जे आधीपासून नाव वापरतंय ते मंडळ. बहुतेक ठिकाणी ते गावचं असतं. काही गावांत उलट आहे: शाळा, धर्मशाळा मुंबईच्या गिरणगावातल्या माणसांनी वर्गणी काढून उभी केली आणि गावचं मंडळ नंतर नोंदलं. तिथे पहिला वापर मुंबईचा आहे हे मान्य करून पुढे जा. पावत्या काढा, तारखा लावा, आणि दोन्ही सर्वसाधारण सभांत ठराव घ्या. ठराव झाल्याशिवाय अर्ज टाकू नका, कारण मालकीबद्दल खोटं निवेदन हे पुढे नोंदणी रद्द व्हायचं कारण होऊ शकतं.

करारात काय असावं? चिन्ह कुठल्या कामासाठी वापरायचं. देणगी कुठल्या खात्यातच घ्यायची, खातं क्रमांकासह. क्यूआर कोड कोण छापणार. वर्षातून एकदा ऑडिटची प्रत देणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परवाना संपला तर किती दिवसांत फलक उतरवायचे, उरलेली पावतीपुस्तकं परत करायची आणि व्हॉट्सअप गटाचं, फेसबुक पानाचं नाव बदलायचं. शेवटचं हे कलम बहुतेक मसुद्यांत नसतं, आणि भांडण नेमकं त्याच्यावरून लांबतं.

होडीवाला
वकीलकाकू, मान गये! हे वाचल्यावर माझं मत बदललं नाही तरी हललं नक्की. मुंबई-गाव करार तरी प्रत्येकाने करावा, नोंदणी असो वा नसो.

रातांबा
वाचनखूण साठवली. लोगो एका हौशी चित्रकार मुलाने फुकट काढून दिला असेल तर तो संस्थेचाच ना?

गलबत
नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढला असेल तर संस्थेचा. स्वयंसेवकाने काढला तर कॉपीराइट त्याचा. सही केलेला लेखी हस्तांतर कागद घ्या आणि त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, सर्व जगासाठी' हे शब्द घाला. मोबदला एक रुपया असला तरी लिहा. इंटरनेटवरून उचललेलं तयार चित्र लोगोत असेल तर आधी ते बदला.

नोटिसफलक
अर्ज भरण्याबद्दल. महाराष्ट्रातल्या संस्थांचे अर्ज मुंबई रजिस्ट्रीकडे, अँटॉप हिलला जातात. जायची गरज नाही, पोर्टलवर भरता येतं. त्यासाठी सही करणाऱ्या विश्वस्ताच्या नावाची क्लास ३ डिजिटल सही लागते. वकील किंवा एजंट भरत असेल तर त्याला लेखी अधिकारपत्र.

आधी असं नाव कुणी घेतलंय का ते रजिस्ट्रीच्या पोर्टलवर, पब्लिक सर्चमध्ये शोधा. शब्दाच्या शोधासोबत उच्चाराचा शोधही करा. नावं तिथे इंग्रजी अक्षरांत पडलेली असतात, म्हणून 'सह्याद्री'सारखा शब्द चार-पाच स्पेलिंगांनी शोधावा लागतो: शेवटी 'आय'च्या जागी दोन 'ई', एक 'ए' की दोन 'ए', असं. मराठी शब्दाचं इंग्रजी लिप्यंतर आणि अर्थ अर्जातच द्या आणि भाषा मराठी असं नोंदवा, नाहीतर त्यावरून एक फेरी वाया जाते.

वापराची तारीख हा कळीचा रकाना आहे. 'प्रस्तावित वापर' टाकलंत तर पुरावा लागत नाही, पण जुनेपणाचा फायदाही बुडतो. जुनी तारीख टाकायची तर सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागद हवेत: जुन्या पावत्या, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण अहवाल, स्मरणिका, वर्तमानपत्राची कात्रणं, ग्रामपंचायतीचं पत्र. तारीख संस्थेच्या स्थापनेची टाकू नका. ते नाव त्या कामासाठी लोकांपुढे आलं त्याची टाका. आणि कागदावरचं नाव अर्जातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. पावतीवर संक्षिप्त नाव, ऑडिटमध्ये लांब नाव आणि अर्जात तिसरंच, हा प्रकार सर्रास दिसतो.

सुरंगी
पुढचा टप्पाही लिहा ना, लोक तिथेच गळतात.

नोटिसफलक
परीक्षण अहवाल ई-मेलवर येतो. मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर. उत्तराला शुल्क नाही. दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून अर्जात सचिवांचा खाजगी मेल नको, संस्थेचा मेल द्या आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे असू द्या. उत्तर पटलं नाही तर सुनावणी, तीही व्हिडिओवर होते.

स्वीकारलं गेलं की ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं. जर्नल दर सोमवारी निघतं. त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. विरोध आला तर त्याची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, टीएम-ओ वर, ऑनलाइन शुल्क दर वर्गाला २,७००. ही मुदत वाढत नाही. प्रतिनिवेदन गेलं नाही तर अर्ज संपला.

उलट बाजूनेही हे उपयोगी आहे. आपल्या नावासारखा अर्ज दुसऱ्याचा जर्नलमध्ये आला तर २,७०० रुपयांत विरोध नोंदवता येतो. दाव्यापेक्षा किती तरी स्वस्त. कार्यकारिणीतल्या एखाद्या तरुण सभासदाकडे हे जर्नल बघायचं काम द्या.

प्रमाणपत्र येईपर्यंत नावापुढे 'टीएम' लिहा, वर्तुळातला 'आर' लावू नका. नोंदणी नसताना तो लावणं कलम १०७ खाली दंडाला पात्र आहे. मुदत अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं, नूतनीकरण टीएम-आर, ऑनलाइन दर वर्गाला ९,०००.

कुळागर
बचत गटांचा विषय राहिला. एखादी संस्था वीस-पंचवीस गटांकडून कोकम सरबत, आमसुलं, आंब्याचा गर, मसाले करून घेते आणि एका नावाखाली विकते. तिथे सेवांचे वर्ग कामाचे नाहीत. सरबत ३२, आमसुलं, गर आणि भाजलेले काजूगर २९, मसाले आणि खाजं ३०, ताजा आंबा ३१. संस्था स्वतः विकत असेल तर साधा ट्रेडमार्क. गट आपापल्या नावाने विकत असतील आणि संघाची सामाईक खूण हवी असेल तर सामूहिक चिन्ह, कलम ६१ पासून पुढे. त्यासोबत वापराची नियमावली द्यावी लागते: सभासद कोण, वापरू कोण शकतो, नियम मोडला तर काय.

आणि 'हापूस', 'सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम', 'वेंगुर्ला काजू' ही भौगोलिक मानांकनं आहेत. ती कुणा संस्थेच्या ट्रेडमार्कात गुंतवायला जाऊ नका. त्यासाठी वेगळी नोंदणी असते, अधिकृत वापरकर्ता म्हणून, चेन्नईच्या रजिस्ट्रीत. पाकिटावर दोन्ही खुणा शेजारी शेजारी असू शकतात.

वहीखातं
कुळागर यांच्या मुद्द्याला हिशेबाची बाजू. चिन्हाचा परवाना देऊन कंपनीकडून पैसे घेतले किंवा माल विकला तर ती व्यावसायिक प्राप्ती ठरू शकते. आयकर कायद्यातल्या 'सामान्य लोकोपयोगी हेतू' या सदरातल्या संस्थांना अशा प्राप्तीवर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. शिक्षण आणि वैद्यकीय मदत ही सदरं वेगळी. करार करण्याआधी सीएला दाखवा, नंतर नाही.

घाटमाथा
धर्मादाय संस्थेचं नाव कोर्टाने खरंच जपलंय, असं एखादं उदाहरण?

सुरंगी
दोन ठळक. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली पब्लिक स्कूल सोसायटीच्या बाजूने डीपीएस वर्ल्ड फाउंडेशनला मनाई केली. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'इस्कॉन' हे सुप्रसिद्ध चिन्ह ठरवलं. समोर कपडे विकणारी कंपनी होती आणि इस्कॉन तर आपल्या राज्यातला नोंदणीकृत सार्वजनिक न्यास. नफा कमावत नाही म्हणून चिन्हाचा हक्क कमी, असं कुठेही नाही. सेवा लोकांना उपलब्ध असली की कायद्याला पुरतं.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलकाकूंनी सांगितलेला करार हे धाग्याचं सोनं. आता शेवटची अडचण. परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत, जुनेच विश्वस्त आहेत, बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित आहे. अशा संस्थेने अर्ज करायचा की थांबायचं?

वकीलकाकू
थांबू नका, तारीख निसटते. अर्ज संस्थेच्याच नावाने करा. प्रकार निवडताना नोंदणीप्रमाणे न्यास की सोसायटी ते नीट बघा, आपल्याकडच्या बऱ्याच संस्था १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. न्यास असेल तर विश्वस्तांची नावं द्यावीत. सहीसाठी शक्य असेल तर असा माणूस निवडा जो जुन्या परिशिष्टावरही आहे आणि नव्या कार्यकारिणीतही. बहुतेक संस्थांत असा एक तरी सापडतो. त्याला अधिकार देणारा ठराव, न्यास कायद्याच्या कलम २२ खालच्या बदल अर्जाची पोच आणि परिशिष्टाची प्रमाणित प्रत एकत्र लावून ठेवा.

दोन्ही गट स्वतःला कार्यकारिणी म्हणवत असतील, म्हणजे बदल अर्जालाच आव्हान असेल, तर मात्र आधी तो निकाल. तोवर दोघांनीही अर्ज टाकू नये, आणि टाकलाच तर दुसऱ्याने जर्नलकडे लक्ष ठेवावं.

रातांबा
जुन्या परिशिष्टावरचा आणि नव्या समितीतलाही माणूस म्हणजे आमच्याकडे खजिनदार. त्यांच्या नावाने डिजिटल सही काढायला टाकतो, ठरावाचा मसुदा इथेच डकवेन, बघून सांगा.